वारा कुठून येते, माहीत हाये का?

आज दुपारी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दहा मिनिटांत उन्हाळ्याची सहल ठरली. समुद्राला सतरा मतं, तलावाला एक. ते एक माझं. मत हरल्याचं दुःख नाही हो. दुःख झालं ते खाली एका भावानं लिहिलेल्या ओळीचं: "मे महिन्यात विदर्भात काय आहे, तलाव तर आटलेले असतात." हे लिहिणारा आमच्याच गावच्या तलावात पोहायला शिकला. मामानं त्याला पोटाखाली हात देऊन शिकवलं, ते मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, बसून पाहिलंय. पुण्यात राहायला गेला म्हणून तलाव आटतो का रे?

तेही मी सोडून दिलं असतं. पण पाठोपाठ त्यानं जागेचा फोटो टाकला. किनाऱ्यावर ओळीनं निळे तंबू, समोर लाटा, वर केशरी आभाळ. खाली पंधरा-वीस बदाम. मी तो फोटो मोठा करून पाहिला. तंबूंच्या मागे, म्हणजे जमिनीच्या बाजूला, वाळूवर एक काळपट रेघ आहे. शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचे तुकडे. ती आदल्या भरतीची खूण. म्हणजे आदल्या भरतीला पाणी या तंबूंच्या मागपर्यंत येऊन गेलं होतं, आणि त्याच वाळूत आपली नऊ लेकरं झोपवायची ठरली. हे कुणालाच दिसलं नाही? तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या डोळ्यांसमोर आमची ती रात्र येते. ज्यांना मी सांगितलीय त्यांनी पुन्हा ऐका. आठेक वर्षं झाली असतील. मे महिना, आम्ही दोघं, नणंदेचं कुटुंब आणि मिळून चार पोरं. माहेरच्या तलावावर तंबू टाकून एक रात्र राहायचं ठरलं. पाणी उतरलेलं होतं. उतरलेल्या पाण्याच्या काठावर हिरवं, मऊ, सपाट गवत, गालिचाच अंथरल्यासारखं. पाण्यापासून दहा पावलांवर आम्ही तंबू ठोकले. पोरं आनंदानं नाचत होती. तेवढ्यात एक म्हातारे ढिवर बाबाजी जाळं खांद्यावर टाकून पाण्यातून बाहेर आले. थांबले. तंबूकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि आमच्या ह्यांना विचारलं, "भाऊ, वारा कुठून येते, माहीत हाये का?"

आम्हाला माहीत नव्हतं. तिघं शिकलेली माणसं, दोघं तर मास्तर, आणि हा प्रश्न आमच्या मनातही आला नव्हता.

समुद्राचंही तेच आहे, म्हणून तर माझा जीव वर-खाली होतोय. भावानं काढलेली तारीख पंचांगात पाहिली, तर पौर्णिमा. चांदण्यात समुद्र पाहायचा, हौस आहे, समजू शकते. पण कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ कशी काढतात ते विचारलं का कुणी? तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. तिच्या सव्वासहा तास आधी ओहोटी. हिशोब करा. तुम्ही संध्याकाळी पाच-साडेपाचला पोचणार तेव्हा समुद्र दूर गेलेला, किनारा मैदानासारखा मोकळा, ओली वाळू पायाला टणक लागणारी. याहून चांगली जागा नाही असंच कुणालाही वाटेल. आणि लेकरं गाढ झोपली की पाणी येणार. तेही पौर्णिमेचं, म्हणजे उधाणाचं, रोजच्यापेक्षा वर चढणारं. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून "आम्ही काल तिथंच होतो, काही झालं नाही" याला अर्थ नसतो. एवढंच म्हणणं आहे माझं. त्या काळ्या रेघेच्या वर, चांगलं वर, सुरूच्या बनाच्या कडेला जागा बघा. नारळाखाली नको, डोक्यात नारळ पडतो. आणि साधे खुंटे वाळूत धरत नाहीत. वाळू भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधाव्या लागतात. सतरा जणांपैकी एकानं तरी हे विचारावं ना.

हो, समुद्र तो समुद्रच, त्याची सर तलावाला नाही. आईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा पायाला पाणी लागल्यावर ती खाली वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळाला लावलं. कितीतरी वेळ बोलली नाही. ते मी विसरले नाही. विदर्भातल्या प्रत्येक लेकरानं समुद्र पाहावा असं मलाही वाटतं. पण म्हणून आपल्या तलावाला आटलेला म्हणायचं?

आटलेला नाही तो. आमचा भंडारा-गोंदियाचा हा पट्टा तलावांचाच आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पाळी घातल्या, ओढे अडवले, धानाच्या बांध्यांना पाणी दिलं. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. आजही भर मे महिन्यात त्यात पाणी असतं. बाकीचे मालगुजारी तलाव 1951 नंतर मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा सरकारकडे गेले, गाळानं भरत गेले, हेही खरं. पण उतरलेल्या तलावाची गंमत वेगळीच असते. पाणी मधे गोळा होतं, म्हणून पक्षीही मधे गोळा होतात. पहाटे अडई बदकं शीळ घालत डोक्यावरून जातात. कमळाच्या पानावरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतो, पान जरासं दबतं, त्यावर पाण्याचा थेंब गोळी होऊन फिरतो. हे बघायला नऊशे-हजार किलोमीटर जावं लागत नाही.

तर बाबाजी. त्यांनी ह्यांना हाताला धरून पाण्याच्या कडेनं चालवलं. गवतात खुरांच्या खुणा होत्या, आम्हाला दिसल्याच नव्हत्या. "हे रानडुकराचं. हे रोह्याचं, नीलगाईचं. रातच्याला सारे इथंच पानी प्याले येतेत. त्याइचा रस्ता हाये हा, तुमचा नाही." मग गवतावर टाच दाबली. वरून वाळलेलं, खालून टाच गाळात बोटभर रुतली. मग पश्चिमेकडे हात केला. त्या बाजूला एक झाड नाही, नुसतं पाणी. "वादळ आलं तं तिकून येते. मधात अडवाले काईच नाही." पाळीवर जाऊ का म्हटलं, तर पाळीला बिळं, साप निघतात. पाळीवरच्या मोठ्या आंब्याखाली? "ईज कुठं पडते, मालूम नाही का बाई?" असं मलाच विचारलं. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. वर्गात मुलांना मीच शिकवते, वीज कडाडताना झाडाखाली थांबू नका.

शेवटी त्यांनी आम्हाला पाळीच्या मागे, गावाच्या अंगाला एका उंच रिकाम्या खळ्यावर नेलं. जागा कोरडी, टणक, झाडं चाळीस-पन्नास पावलं लांब, आणि हाक मारली तर घरात ऐकू जाईल एवढं अंतर. तिथून पाणी दिसतच नव्हतं. नणंदेच्या मुलीनं तोंड पाडलं. मला स्वतःलाही वाटलं, तलावावर येऊन तलाव दिसत नाही तर काय उपयोग.

रात्री दीडला वारा सुटला. मे महिन्यातलं आपलं वादळ ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन नको. आधी धूळ, मग थंड झोत, मग गारा. एक तंबू उडालाच, पण आम्ही पोरांना उचलून शंभर पावलांवर बाबाजींच्या ओसरीत पोचलो. त्यांच्या घरच्यांनी दार उघडंच ठेवलं होतं. सकाळी मी एकटी आधीच्या जागेवर जाऊन आले. आमच्या खुंट्यांची भोकं तशीच होती, त्यांत पाणी साचलेलं. त्या चार भोकांच्या मधली जमीन डुकरांनी मुसकाटानं नांगरल्यासारखी उकरलेली. तिथंच माझा धाकटा झोपणार होता. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे.

कुणी म्हणेल, पैसे भरून जातोय, तिथं सोय करणारे असतात. असतील, चांगलेही असतील. पण जो माणूस पाहुण्यांना लाट जवळून दिसावी म्हणून भरतीच्या रेघेखाली तंबू लावतो आणि तेच फोटोत दाखवतो, त्याच्या भरवशावर मी लेकरं सोडणार नाही. दुसरं कुणी म्हणेल, तलावावर डास असतात, दुपारी पंचेचाळीस अंशात तंबूची भट्टी होते. होतेच. म्हणून दुपार घरात काढायची आणि ऊन उतरल्यावर तलावावर जायचं. कोकणात पारा तेहतीस-चौतीसलाच थांबतो, पण रात्री दमटपणानं कपडे अंगाला चिकटतात, तेही सांगा की पोरांना.

आणि जंगलालगतच्या तलावावर वन खात्याला विचारल्याशिवाय राहायचं नाही, हे तर सांगायलाच नको. मोहफुलं पडतात त्या दिवसांत अस्वलं पहाटे झाडाखाली असतात, गडचिरोलीकडे 2021 पासून हत्ती आलेत. गावाला सगळं माहीत असतं. फक्त विचारावं लागतं.

आता लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहिते, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका टोळक्यानं आमच्या पाळीवर रात्र काढली आणि बाटल्या फोडून पाण्यात टाकल्या. त्याच पाण्यात लोक अनवाणी उतरून जाळं ओढतात, शिंगाडे काढतात. त्या बाबाजींच्या मुलाचा तळवा उभा चिरला. सात टाके. दोन आठवडे मासोळी नाही, म्हणजे घरात पैसा नाही. तुमची एक रात्रीची मौज, त्याचे पंधरा दिवस. तुम्हाला जागा आवडली, चांगलं झालं. पण ती कुणाच्या तरी पोटाची जागा आहे हे कळायला काय लागतं? एक माणूस भेटला असता तर एका वाक्यात कळलं असतं. भेटायचंच नसतं तुम्हाला कुणाला.

असो. चहा घेऊन आले, जरा शांत झाले.

भावाला मघाशी फोन केला. भांडले नाही. फोटोतली ती रेघ मोठी करून पाठवली आणि तिथीचा हिशोब सांगितला. आधी गप्प बसला, मग म्हणाला, "ताई, खरंच लक्षात नाही आलं गं." त्याचा आवाज ऐकून माझाच राग गेला. त्याच्याही दोन लेकी आहेत. तो जागेवाल्याला फोन करून तंबू वर घ्यायला सांगतोय, नाहीतर पौर्णिमा टाळून तारीख बदलतोय. समुद्राला जा, सगळे जा, मीही येते.

पण येताना दोन दिवस गावी थांबायचं, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. बाबाजी तर तीन वर्षांपूर्वी गेले. संध्याकाळी त्यांच्या मुलाला फोन लावला, यंदा पाणी किती उतरलंय म्हणून विचारायला. म्हणाला, "पाळीपासून शंभरेक पावलं मागं गेलं, ताई. पन कमळं हायेत अजून. पोट्ट्याइले आना. खळं झाडून ठेवतो."

मी विचारलं, "वारा?"

"तिकूनच," म्हणाला.