मांजर-फेरेट एकत्र ठेवताय? आधी उन्हाळ्याचं बघा
मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) एकत्र पाळण्यावरचा एक लेख वाचला. त्यात दोघांना पहिल्याच दिवशी एका खोलीत सोडा म्हटलंय, ते नको. फेरेट पिंजऱ्यात ठेवून आठवडाभर दोघांची अंथरुणं अदलाबदल करा. वास ओळखीचा झाला की रोज १०-१५ मिनिटं समोरासमोर, तेही आपल्या नजरेखाली. फेरेट खेळतानाही मानगूट धरून ओढतं. त्याच्या जाड कातडीला काही वाटत नाही, मांजर मात्र पंजा मारते. तिला चढायला उंच फळी हवीच. मांजरीचं पिल्लू असेल तर एकटं सोडूच नका.

आणि आपलं सोलापूर! ४२ अंशांत मांजर फरशीवर पसरून दुपार काढेल, फेरेटला ३० च्या पुढेच उष्माघाताचा धोका. कूलरवर भागत नाही. एसी परवडत नसेल तर फेरेट आणूच नये, स्पष्टच सांगतो. लाईट गेली तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा.