उद्यानाचे फाटक किती रुंद असावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक उद्यानाचे नूतनीकरण व्हायचे आहे आणि त्यात दिव्यांग मुलांसाठी काय करावे, यावरून आमच्या नातेवाइकांत आणि आळीत दोन तट पडले आहेत. नागपुरात पारडी भागात ‘अनुभूती’ नावाचे दिव्यांग उद्यान उभारण्याची घोषणा 2023 मध्ये झाली. तसेच काहीतरी, छोटेखानी का होईना, आपल्याकडेही स्वतंत्रपणे व्हावे, असे एका तटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या तटाला हा खर्चच अनाठायी वाटतो. ‘आपल्या गावात अशी मुले आहेत तरी किती, आणि ती बागेत येतात तरी कधी?’ हा त्यांचा प्रश्न. मी बऱ्याच वर्षांपासून सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहते, आणि इथल्या बागांतून हिंडताना मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

आधी दुसऱ्या तटाचा प्रश्न घेऊ, कारण तो ऐकायला बिनतोड वाटतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या बागांच्या फाटकात गुरे आणि दुचाकी आत शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब किंवा वळणाचा अडसर ठोकलेला असतो. त्यातून धडधाकट माणूसही अंग चोरून जातो, व्हीलचेअर तर जातच नाही. ती उचलून आत नेली तरी पुढे तीन पायऱ्या असतात, पायऱ्यांनंतर खडी, आणि पाळण्यांखाली रेतीचा थर. या वाटेने जे मूल आत पोहोचू शकत नाही ते बागेत दिसत नाही, आणि ते दिसत नाही म्हणून त्याच्यासाठी काही करण्याची गरज नाही, असा हा उफराटा हिशेब आहे. 2011 च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग मोजले, तेही आठच प्रकार धरून. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आहेत. शिवाय गुडघे धरलेली आजी, अर्धांगवायूतून उठलेले काका, बाबागाडी ढकलणारी आई, यांपैकी बरेच जण त्या आकड्यात येत नाहीत, पण फाटकाशी मात्र सगळेच अडतात.

आता स्वतंत्र उद्यानाचा आग्रह धरणाऱ्यांकडे वळू. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि ऑस्ट्रेलियाही याच हेतूने याच वाटेवरून जाऊन आलेला आहे. इथल्या अनेक बागांत ‘लिबर्टी स्विंग’ नावाचा झोपाळा बसवलेला आहे. व्हीलचेअर जशीच्या तशी त्याच्या फळीवर चढवायची, अडकवायची आणि झुलवायची, अशी त्याची रचना असते. कल्पना उदार आहे, पण हा झोपाळा इतका जड असतो की शेजारून धावणाऱ्या मुलाला त्याचा फटका बसला तर मोठी इजा होईल. म्हणून त्याला भोवती कुंपण आणि कुंपणाला कुलूप. हे कुलूप एका ठरावीक किल्लीने उघडते; ती किल्ली आधी मिळवावी लागते आणि बागेत जाताना आठवणीने सोबत न्यावी लागते. एवढे सोपस्कार पार पाडून मूल झुलायला लागते तेव्हा ते कुंपणाच्या आत एकटे असते आणि बाकीची मुले जाळीबाहेरून पाहत असतात. आयुष्यात पहिल्यांदा झोपाळ्यावर बसलेल्या मुलाचा आनंद खोटा नसतो, हे मान्यच आहे. पण सोबत खेळणे म्हणतात ते हे नव्हे. स्वतंत्र दिव्यांग उद्यान म्हणजे हेच कुंपण अधिक मोठ्या जागेवर घालणे आहे, असे मला वाटते. त्या उद्यानात दिव्यांग मुलाची धाकटी बहीण कुठे खेळणार? त्याचा शेजारचा दोस्त त्याच्यासोबत तिथवर जाणार आहे का? आणि ज्या तालुक्यात एक बाग धड राखली जात नाही, तिथे दुसरी कोण राखणार?

न्यू साउथ वेल्स राज्याने 2019 मध्ये ‘एव्हरीवन कॅन प्ले’ नावाची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन प्रश्नांत मावतो: मला तिथे पोहोचता येईल का, मला खेळता येईल का, आणि मला तिथे थांबता येईल का. खेळणी कोणती घ्यावीत हा विषय मधल्या प्रश्नात येतो. उरलेले दोन्ही प्रश्न वाट, सावली, बाक, पाणी आणि स्वच्छतागृह यांचे आहेत. या मार्गाने केलेल्या बागांत जमिनीशी समपातळीत बसवलेले चक्र असते, त्यावर व्हीलचेअर सरळ चढते आणि तिच्या बाजूला इतर मुले दाटीवाटीने उभी राहतात. टोपलीसारखा रुंद झोपाळा असतो, त्यात पाठीचा कणा न सावरणारे मूल आडवे पडून झुलू शकते आणि त्याच टोपलीत आणखी दोघे जण बसतात. वाळूचे टेबल कमरेइतक्या उंचीवर असते. अजून बोलता न येणाऱ्या मुलाने बोट ठेवून काय हवे ते सांगावे म्हणून चित्रांचा फलक असतो. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलासाठी एक शांत कोपरा असतो, आणि असे मूल अचानक रस्त्याकडे धावू शकते म्हणून कुंपण असते. पण ते साऱ्या बागेला असते, एका झोपाळ्याला नव्हे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत महत्त्वाचे. मोठ्या झालेल्या मुलाचे कपडे बदलण्याजोगे स्वच्छतागृह जवळ नसेल तर घरची माणसे त्याला तासाभराच्या आत परत नेतात आणि पुढच्या खेपेस बाहेर काढतच नाहीत. उद्घाटनाच्या छायाचित्रात स्वच्छतागृह येत नाही, हे इथे आणि तिथे सारखेच.

तरीही सिडनीची बाग उचलून कोकणात ठेवावी, असे मी म्हणणार नाही. इथे पाळण्यांखाली रबराचा सलग थर ओततात. तो मऊ असतो, चाके त्यावर सहज फिरतात, परंतु तो महाग असतो आणि भर उन्हात पाय भाजेल इतका तापतो. यावरून इथेच पुरेशी ओरड आहे आणि सावलीची झाडे आधी लावा, असे आता सांगितले जाते. आपल्याकडे एप्रिल-मेचे ऊन आहेच, त्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर जाणारा पाऊस आणि खारा वारा आहे. बागेतली लोखंडी खेळणी बिजागरीपासून गंजत जातात ती याच वाऱ्याने. जांभ्याची फरशी दिसायला सुंदर आणि खरखरीत असते, पण जुलैत तिच्यावर शेवाळ धरले की चालत्या माणसाची कंबर मोडते. आमच्या वाड्या डोंगराच्या उतारावर आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या पाखाड्या चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या. बागही बहुधा उरलेल्या उतारावरच केली जाते. उताराच्या वाटेचे प्रमाण बारास एक असावे लागते, म्हणजे एकूण दीड फूट उंचीच्या तीन पायऱ्यांच्या जागी अठरा फूट लांबीची वाट हवी. अनेक ठिकाणी दोन-चार फुटांत तीच चढण उरकून टाकलेली दिसते. तिला रॅम्प म्हणतात, पण तिच्यावरून व्हीलचेअर चढत नाही आणि उतरताना मात्र सुटते. या अठरा फुटांना जागा लागते, खर्च मात्र फार लागत नाही: आडव्या रेघा ओढलेले काँक्रीट, दोन्ही कडांना कठडा आणि पाणी बाजूला काढणारी पन्हळ. अमेरिकेच्या 2010 च्या मानकांत, व्हीलचेअरवरून मुलाने स्वतःच्या बळावर खेळण्यावर सरकावे यासाठी ओट्याची उंची 11 ते 18 इंच ठरवली आहे. चिऱ्यांच्या दोन थरांचा कट्टा साधारण तेवढाच भरतो, आणि तो बांधायला परदेशी कंपनी लागत नाही, गावचा गवंडी पुरतो.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो लहान असताना वाडीतली पोरे त्याला पाठुंगळीला मारून सगळीकडे नेत. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या ओट्यावर, आली की तो कोणाच्या तरी खांद्यावरून सगळ्यांच्या आधी ती पाहायचा. हे सिडनीत मिळत नाही. इथल्या सर्वसोयींच्या बागेत कितीतरी वेळा एक मूल आणि एक आई एवढीच माणसे असतात, आणि शेजारच्या मुलाचे नाव कोणाला ठाऊक नसते. कोकणातली ही माया खरी आहे, पण ती उचलण्यावर उभी आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उचलता येत नाही. त्याच्या बरोबरीची पोरे क्रिकेटकडे वळली तेव्हा तो घराच्या पडवीत राहिला. वाडीतली सर्वांत सपाट जागा म्हणजे भातझोडणीचे खळे. दिवाळीनंतर ते सारवून गुळगुळीत केले की त्याची व्हीलचेअर तिथे फिरते. बागेत हीच सपाटी बारमाही का नसावी, एवढाच त्याच्या आईचा प्रश्न आहे.

समुद्रकिनाऱ्यांबाबतही हेच बोलता येईल, कारण कोकणातली खरी मोठी बाग किनाराच आहे. ऑस्ट्रेलियातल्या काही किनाऱ्यांवर उन्हाळ्यात वाळूवर गुंडाळता येणारी चटई अंथरतात आणि फुगीर टायरांची व्हीलचेअर तासाभरासाठी उसनी देतात. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी लाकडी वाट बांधण्यात आली, तिचा काही भाग पुढच्याच महिन्यात मांदोस चक्रीवादळात मोडला. निसर्ग आणि तौते ही वादळे पाहिलेल्या आपल्या किनाऱ्याने यातून एवढे घ्यावे की वाट पक्की नको, उचलता येणारी हवी: पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारून ठेवतात तशी गुंडाळून ठेवावी आणि पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की पुन्हा अंथरावी. आपल्या किनाऱ्यांसाठी ‘ब्लू फ्लॅग’ या स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानांकनाची धडपड सुरू असतेच. त्याच्या निकषांत दिव्यांगांच्या सोयीही येतात, याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते.

कायद्याबद्दल लांबण लावत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक वास्तू सुगम करण्याची त्यातली पाच वर्षांची मुदत कधीच संपली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारस म्हणून ठेवणारा नियम रद्दबातल ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करा, असे केंद्राला सांगितले. त्यामुळे ‘करावे की न करावे’ हा वाद उरलेला नाही; पैसा कुठून काढायचा हा आहे. इथे दोन्ही तटांचे अचानक एकमत होते: स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायचा 5 टक्के निधी वापरा. माझा याला विरोध आहे. त्या निधीतून कोणाला तीनचाकी मिळते, कोणाला औषधापुरती मदत मिळते. तो बागेच्या फरशीत घातला तर दिव्यांग मुलाच्याच ताटातले काढून त्याला वाढल्यासारखे होईल. फाटक रुंद करणे ही मेहेरबानी नाही, ते बागेच्या कामाचाच भाग आहे आणि त्याचा खर्च बागेच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे, जसा कारंज्याचा आणि ‘सेल्फी पॉइंट’चा धरला जातो.

आराखडा पक्का होण्याआधी तालुक्यातल्या दहा-बारा दिव्यांग व्यक्तींना आणि त्यांच्या घरच्यांना त्या जागेवर बोलवावे, कागद दाखवून नव्हे तर चुन्याची फक्की मारून वाट आखून दाखवावी, आणि काम झाल्यावर त्यांच्यापैकी एखाद्याने फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत कोणाच्या मदतीविना जाऊन दाखवल्याखेरीज ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये. फाटकाची मोकळी रुंदी 900 मिलिमीटरपेक्षा कमी नको. गुरे अडवायची असतील तर बाजूला आपोआप मिटणारे दार लावता येते. निविदेत देखभालीचे कलमही असावे आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला शेवाळ खरवडण्याची मजुरी त्यात वेगळी दाखवलेली असावी, कारण नूतनीकरणाच्या कामांत हा खर्च नेहमी राहून जातो आणि पहिल्याच श्रावणात वाट बंद करावी लागते.