टेबलावरून उठायलाच नको होतं

रात्रीचा दीड वाजलाय, सकाळी लवकर उठायचंय, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. रसेल क्रोचा 'पोकर फेस' बघितला, २०२२ चा. डायरेक्शनही त्याचंच. मरणाच्या दारात असलेला एक अब्जाधीश लहानपणीच्या मित्रांना घरी बोलावतो आणि सांगतो, आलात ती गाडी ठेवून घ्या, नाहीतर पन्नास लाख डॉलरच्या चिप्स घ्या आणि खेळायला बसा. काय सुरुवात आहे राव! मी पाय वर घेऊन सरसावून बसले. आणि मग? घरात चोर शिरतात, पेंटिंग्ज चोरायला. झालं, पत्ते राहिले टेबलावर आणि सगळी पळापळ सुरू.

वर आमच्या ग्रुपवर एकजण लिहितो, चोर आले तेव्हा कुठे पिक्चरमध्ये काहीतरी घडलं.

अरे, त्याआधी काय घडत नव्हतं?? जुने मित्र समोरासमोर बसलेत, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी लपवलेलं आहे, आणि समोरचा तुम्हाला शाळेपासून ओळखतो, म्हणजे तुमचा चेहराच त्याला पाठ आहे. याहून जास्त भीती बंदुकीची वाटते?

आम्ही पाचजण पोकर खेळायचो, कॉलेजची शेवटची दोन वर्षं. एका रात्री मी परीक्षेच्या फीचे पैसे घेऊन बसले होते, मूर्खपणाच होता, त्यातले अर्धे गेले. फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. हातात सत्ती आणि तिर्री, टेबलावर सगळ्यांसाठीची पाच पानं उघडी आणि त्यातलं एकही माझ्या कामाचं नाही. मी उरलेले सगळे पैसे पुढे सरकवले. बाकीचे तिघं आधीच पत्ते टाकून पॅक, समोर फक्त तो. त्यानं स्वतःच्या पत्त्यांकडे परत बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, जाऊ दे, पॅक.

पिक्चरवाल्यांना हे का दाखवता येत नाही? 'कसिनो रोयाल'मध्ये शेवटच्या डावात एकाकडे फ्लश, दोघांकडे फुल हाउस आणि बॉन्डकडे स्ट्रेट फ्लश, क्वचित लागणारी असली भारी पानं सगळी एकाच डावात. बघायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण खरा डाव असा नसतो हो, खरा डाव हातात काही नसताना चालतो.

ठीक आहे, थ्रिलर आहे, कुणीतरी बंदूक घेऊन यायलाच हवं, मान्य.

पण त्या अब्जाधीशाचं मात्र लिहिता लिहिता वाईट वाटायला लागलंय. मित्रांनी खरं बोलावं म्हणून तो त्यांना विष देतो. बघताना मला भयंकर राग आला होता, मित्र म्हणवतोस आणि हे असं? आता वाटतंय, जायच्या आधी एकदा खरं ऐकायचं होतं बिचाऱ्याला, आणि साधं विचारायची हिंमत झाली नाही. ती मला तरी कुठे झाली?

कारण त्या रात्री पत्ते गोळा करताना मी त्याची दोन पानं उलटून बघितली होती. इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का. पहिल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, आणि टेबलावर घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. अशी जोडी कुणी टाकतं? दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. तो काही बोलला नाही, मीही नाही, वीस वर्षं झाली. कधीकधी तुझा रागही आला मला, की न विचारता कसं काय ओळखलंस, आणि ओळखलंस तर पूर्ण आयुष्यभर गप्प कसा बसलास.

तू हे वाचशीलच सकाळी. फोन करून विषय टाळू नकोस, खेळायला बोलाव. बाकी तिघांना मी सांगते.