कागदावरची सवत

इंग्लंडातल्या आमच्या घरात दोनच माणसं राहतात. मी आणि ही. पस्तीस वर्षांत तिसरं कुणी मुक्कामाला आलं असेल तर तो दीड दिवसाचा गणपती. एवढं ठासून सांगायचं कारण असं की गेलं वर्षभर आमच्या कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, हे पटत नव्हतं.

मी पेन्शनीत निघालो आणि कौन्सिल टॅक्स जड जायला लागला. हा टॅक्स घराच्या बॅन्डवर, म्हणजे किमतीच्या गटावर ठरतो, बॅन्ड 'ए' ते 'एच', आणि इंग्लंडात तो बॅन्ड अजूनही १ एप्रिल १९९१ च्या भावानं लावलेला. एप्रिल फूलचा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे. असो. कमी उत्पन्नवाल्यांना या टॅक्समध्ये सूट मिळते, म्हणून मी अर्ज भरायला घेतला.

अर्ज कसला, पत्रिकाच ती. नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथला दरमाणशी एक सरकारी क्रमांक), पेन्शनी, बचत, घरात कोण राहतं, त्यांचं उत्पन्न काय. मुलगी देताना सासऱ्यांनी माझी एवढी चौकशी केली नव्हती, केली असती तर कदाचित दिलीही नसती. शिवाय बँकेची स्टेटमेंटं. त्यात मंडळाच्या वर्गणीची नोंद होती, पुढे संदर्भ 'गणपती'. आठवड्यानं फोन आला.

"सर, हे मिस्टर गणपती तुमच्या पत्त्यावर राहतात का?"

"वर्षातून दीड दिवस."

"भाडं देतात?"

"छे! उलट आम्हीच त्यांना जेवू घालतो."

पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज येत राहिला. काय टाईप केलं ते मला पुढे कळलं.

अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही माहिती आम्ही पेन्शन खात्याला, टॅक्स खात्याला आणि नॅशनल फ्रॉड इनिशिएटिव्ह नावाच्या उपक्रमाला देऊ. हे शेवटचं प्रकरण भारी आहे. कौन्सिलं आणि सरकारी खाती आपापल्या याद्या तिथं पाठवतात आणि संगणक त्या एकमेकींशी ताडून बघतो: सूट घेणारा कुठे पगार तर घेत नाही ना, पेन्शन खाणारा वारला तर नाही ना. कायद्यानंच मुभा दिलेली असल्यामुळे तुमची संमती लागत नाही. जुळणी सापडली म्हणजे लबाडी झाली असं मात्र नाही, आधी चौकशी करायची असते. आमची जुळणी सापडली. चौकशी आमच्याकडूनच करून घेतली गेली.

त्याचं मूळ थेट आमच्या लग्नात आहे. ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं हिचं नवं नाव लिहिलं होतं. अक्षर इतकं गचाळ की मेव्हण्या फिदीफिदी हसल्या. (दोन्ही नावं इथं देत नाही. एवढा धडा या प्रकरणातून घेतलाय.) पासपोर्ट सासरच्या नावानं निघाला, पण डिग्रीची सर्टिफिकेटं राहिली माहेरच्या नावाची. इथं आल्यावर हिनं एका शाळेच्या ऑफिसात काही वर्षं नोकरी केली. त्यांनी सर्टिफिकेटं बघून नाव लावलं, आणि आता तिथली चिमूटभर पेन्शन माहेरच्या नावानं येते. अर्जात ती पेन्शन आम्ही सासरच्या नावाखाली इमानदारीत दाखवली होती.

झालं. पत्र आलं: तुमच्या पत्त्यावर आणखी एक प्रौढ व्यक्ती राहत असल्याचं आमच्या निदर्शनास आलं आहे. अशा माणसाला इथं 'नॉन-डिपेंडंट' म्हणतात आणि त्याच्यापायी तुमची सूट कापतात. मी फोन लावला. जन्मतारीख, पोस्टकोड, नॅशनल इन्शुरन्स नंबर, सगळं म्हणून दाखवलं.

"ही व्यक्ती कोण, ते कळेल का?"

"सॉरी सर, डेटा प्रोटेक्शन. त्या तिसऱ्या व्यक्तीची माहिती तुम्हाला देता येत नाही."

"अहो, पण माझ्याच घरात राहते म्हणता ना ती?"

"म्हणूनच सर."

स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, मीच असणार ती! शाळेची पेन्शन!" मी ते तसंच्या तसं सांगितलं. फोनवरची बाई म्हणाली, त्यांना फोनवर द्या. हिनं आपलं नाव सांगितलं. ते नाव त्या रेकॉर्डवर नव्हतं. मग जुनं नाव सांगितलं, तर एका फोनवर दोन नावं सांगितल्यामुळे व्हेरिफिकेशन फेल. शेवटी मी हुकमाचा एक्का काढला: दोघींचा नॅशनल इन्शुरन्स नंबर एकच आहे, बघा तरी! तिनं बघितलं, आणि गंभीर आवाजात म्हणाली, "सर, दोन व्यक्ती एकच नंबर वापरत असतील तर ही बाब मला वर कळवावी लागेल."

त्या रात्री ही वरणभात वाढताना नुसती हसत होती. मला हसू येत नव्हतं. वर म्हणजे किती वर, या विचारात होतो.

शेजारच्या पोरानं सुचवलं, काका, सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट टाका. आपल्याबद्दल जी माहिती त्यांच्याकडे आहे तिची नक्कल मागायची. फी नाही, आणि एरवी महिन्याभरात द्यावीच लागते. टाकली. एकोणतिसाव्या दिवशी जाडजूड पाकीट आलं. आम्ही दोघं चष्मे लावून टेबलाशी बसलो. माझी जन्मतारीख तीन ठिकाणी, नावाची स्पेलिंगं चार. एका पानावर 'मि. गणपती: तात्पुरता पाहुणा, उत्पन्न अज्ञात, दावेदारावर अवलंबून'. याबद्दल तक्रार नाही, फक्त अवलंबून कोण कुणावर तेवढं उलटं झालंय.

पुढच्या पानावर ती होती. 'सदर पत्त्यावर राहणारी स्त्री', आणि पुढे काळी पट्टी. पट्टीखाली नाव, पट्टीखाली पेन्शन, पट्टीखाली जन्मतारीख. माझ्या बायकोचं माहेरचं नाव माझ्यापासून इतकं कडेकोट झाकलेलं की उजेडासमोर धरूनही दिसेना. धरलं होतं, खोटं कशाला बोलू? याच देशात २००७ साली टॅक्स खात्यानं चाइल्ड बेनिफिटच्या, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या यादीतल्या अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, बँक खाती दोन सीड्यांवर घालून कुरिअरनं धाडली आणि वाटेत हरवली. त्या सीड्यांना ही पट्टी लावणारा माणूस कुठे होता?

मग हिनं स्वतःचा अर्ज टाकायचं ठरवलं. पण कुठल्या नावानं? माहेरच्या नावानं टाकावा तर ओळखपत्र नाही, सासरच्या नावानं टाकावा तर समोरची बाई तिसरी व्यक्ती. लोकांची खाजगी माहिती नीट सांभाळली जाते का ते बघणाऱ्या माहिती आयुक्तांकडे तक्रार करीन, असं मी कौन्सिलला सणसणीत पत्र लिहिलं. सोबत लग्नाचं सर्टिफिकेट, त्याचं भाषांतर आणि नावबदलाचा कागद जोडला. तांदळाच्या ताटाचा फोटोही टाकणार होतो, हिनं काढून ठेवला.

यावर एका भल्या अधिकाऱ्याचा फोन आला. मला सगळं कळलंय, म्हणाला. चूक आमचीच. पण दोन रेकॉर्डं एकत्र करायची सोय आमच्या सिस्टिममध्ये नाही, तेव्हा ती दुसरी नोंद मी माझ्या पातळीवर बंद करतो. सूट पूर्ववत होईल. मी त्याला तोंडभर धन्यवाद दिले.

सूट खरोखर पूर्ववत झाली. कापलेले पैसेही बिलात वळते झाले. पाठोपाठ एक छापील पत्र आलं. सदर स्त्री तुमचं घर सोडून गेल्याची नोंद आम्ही केली आहे, आमच्या फायलीसाठी तिचा नवा पत्ता सोबतच्या फॉर्मवर कळवावा.

मी पेन उघडून हिच्याकडे बघितलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहेर लिहा."