दर उतरला, पण माणसं कुठे गेली?

दादाने टाकलेला आकडा खोटा नाही. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे आणि महाराष्ट्र त्याच्याच आसपास आहे. ‘अमेरिकेत तर चारच्या वर आहे, मग आपल्याकडे ओरड कशाची?’ असं त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं. पुण्याच्या मामेभावाला ते झोंबलं. वेदांत-फॉक्सकॉनचा चिप कारखाना गुजरातला गेला, टाटा-एअरबसचा विमान कारखाना बडोद्याला गेला, आता महाराष्ट्रात पोरांनी करायचं काय, असं त्याचं म्हणणं. दोघांची दिवसभर जुंपली. संध्याकाळी दादाने मला मध्ये ओढलं : ‘तू वीस वर्षं तिथे आहेस. तूच सांग.’

सांगते. ग्रुपवर मावण्याजोगं ते नाही, म्हणून इथे.

मी डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय गावात राहते. २००४ मध्ये आले. त्याआधी नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात होते आणि इथेही गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तेच काम मिळालं. आम्ही आलो तेव्हाच मिशिगन राज्याला उतरती कळा लागलेली होती, पण आम्हाला ती दिसत नव्हती. अमेरिकेतली मंदी कागदोपत्री डिसेंबर २००७ ला सुरू झाली आणि जून २००९ ला संपली. मिशिगनचं दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं. २००० साली या राज्यात पगारी नोकऱ्या ४६ लाखांच्या वर होत्या. २००९ संपता संपता त्या ३८ लाखांच्या आसपास उरल्या. दहा वर्षांत आठ लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. काही यंत्रांनी घेतल्या, काही मेक्सिकोत गेल्या, काही दक्षिणेकडच्या राज्यांत जपानी कंपन्यांनी उभारलेल्या कारखान्यांकडे गेल्या. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं, तेव्हा डेट्रॉईटच्या अवजड गाड्यांकडे कोणी वळून बघेना. पाठोपाठ बँकांनी कर्जाचा हात आखडता घेतला. वर्षाला दीड कोटीहून जास्त गाड्या घेणाऱ्या या देशात २००९ मध्ये एक कोटीच्या थोड्याच वर गाड्या खपल्या. ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लर दिवाळखोरीत गेली आणि १ जूनला जनरल मोटर्स.

माझी नोकरी त्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये गेली. सकाळी साडेनऊला बोलावलं, दहाला माझं सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं. वर्क व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारच गेला. नवऱ्याची नोकरी टिकून होती म्हणून त्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून नाव लावून घेतलं आणि राहिलो. त्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. सुरुवातीला अर्ज केले, पण ज्या राज्यात स्थानिक इंजिनियर रांगेत उभे होते तिथे माझ्या व्हिसाचे कागद करायला कोण बसणार? दोन-तीन महिन्यांनी मी अर्ज करणं थांबवलं.

थांबवलं आणि महिनाभरात सरकारी हिशेबात मी बेरोजगार राहिले नाही. अमेरिकेत बेरोजगार म्हणून गणना व्हायची तर माणूस कामाला मोकळा हवा आणि गेल्या चार आठवड्यांत त्याने काम शोधलेलं हवं. शोधणं सोडलं की तो श्रमशक्तीच्याच बाहेर. म्हणजे मी घरात बसून, भिंतीकडे बघत, राज्याचा बेरोजगारीचा दर कमी करायला मदत करत होते. हे मला तेव्हा कळलं नाही. दोन वर्षांनी पुन्हा नोकरी लागली, डोकं ताळ्यावर आलं, मग वाचून कळलं. तेव्हापासून बेरोजगारीचा कोणताही आकडा समोर आला की मी आधी विचारते, यातून बाहेर कोण आहे?

मिशिगनचा दर २००९ मध्ये १४ टक्क्यांच्या आसपास होता, देशात सगळ्यांत जास्त. शोध सोडलेले आणि पूर्ण काम हवं असून अर्धवेळ राबणारे धरले तर २० टक्क्यांच्या वर. पुढे दर उतरत गेला आणि २०१५ पर्यंत पाचच्या आसपास आला. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, राजकारणी टीव्हीवर आले. कारखाने पुन्हा चालू झाले होते हे खरं आहे. सरकारने मोटार उद्योगात सुमारे ८० अब्ज डॉलर घातले नसते तर हे राज्य संपलंच असतं असं माझं आजही मत आहे. पण दर उतरण्यात आणखी दोन गोष्टींचा हात होता. एक, काम करणाऱ्यांचं आणि शोधणाऱ्यांचं प्रमाण २००० साली शंभरात ६८ च्या आसपास होतं, ते दशकभरात साठपर्यंत घसरलं. त्यातले काही म्हातारे होऊन निवृत्त झाले, पण सगळे नव्हे. दुसरी, लोक राज्य सोडून गेले. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या घटलेलं अख्ख्या अमेरिकेत एकच राज्य होतं, मिशिगन. डेट्रॉईट शहराने तर दहा वर्षांत आपली चौथाई माणसं गमावली. साडेनऊ लाखांवरून ७ लाख १३ हजार.

आकडेवारी न वाचताही आम्हाला हे दिसत होतं. आमच्या गणपतीला आरतीच्या वेळी हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची. २००९ च्या गणपतीत मोदक उरले. कोणी टेक्सासला गेलं, कोणी कॅलिफोर्नियाला, तीन कुटुंबं सरळ पुण्याला परतली. लेझीम पथकात मुलांच्या दोन रांगा कशाबशा झाल्या. गेलेल्यांपैकी एकही जण मिशिगनच्या बेरोजगारीत मोजला गेला नाही.

आता दादाच्या ३.२ टक्क्यांकडे येते. मिशिगनचा दर माणसं बाहेर पडली म्हणून उतरला. आपल्याकडचा दर कमी दिसतो तो उलट कारणाने : आपण जवळजवळ प्रत्येकाला कामावर असलेला धरतो. त्या वार्षिक आकड्याच्या व्याख्येत वर्षभरात तीस दिवस काही काम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात येतो. घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी मदत केली तरी ते काम धरलं जातं. यात लबाडी नाही. शेतीप्रधान देशात घरच्या कष्टाला काम म्हणायलाच हवं, आणि आपल्या आयाबायांचे कष्ट त्यामुळेच तर मोजले जातात. पण मग हा आकडा अमेरिकेच्या आकड्याशेजारी ठेवून छाती फुगवता येत नाही. इथे नोकरी गेली की निदान काही आठवडे भत्ता मिळतो, तेवढ्यावर माणूस ‘बेरोजगार’ राहू शकतो. येवल्याच्या माणसाला रिकामं राहणं परवडतच नाही.

माझा भाचा, दादाचाच मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा आहे. बी.एस्सी. झाल्यावर पाच वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला, अभ्यासिका, मेस आणि पुन्हा अभ्यासिका. राज्यसेवेची प्रीलिम दोनदा निघाली, मेन्समध्ये अडकला. मध्ये तलाठी भरती दिली. २०२३ च्या त्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. गेल्या वर्षी पैसे संपले तसा गावी आला. कांदा लावणीला, खुरपणीला, काढणीला तो शेतात असतो. वर्षाचे तीस दिवस सहज भरतात. मी त्याला फोनवर व्याख्या समजावून सांगितली तेव्हा तो म्हणाला, ‘आत्या, म्हणजे सर्वेक्षणवाले आले तर मी नोकरदार?’ नोकरदार नाही रे, रोजगारात, असं मी म्हटलं. पुढे मला काही बोलता आलं नाही.

२०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. पावसात, चिखलात पोरं मैदानी चाचणीला धावली. ज्या राज्यात बेरोजगारी तीन टक्के आहे तिथे एका शिपाईपदामागे शंभर उमेदवार का धावतात, याचं उत्तर दादाच्या आकड्यात नाही. ते रांगेत आहे. ही मुलं काम नाही म्हणून धावत नाहीत, टिकणारं काम नाही म्हणून धावतात. सातपूर-अंबडला आज चक्कर मारली तर कंत्राटी पोरगा आणि कायम कामगार एकाच मशीनवर दिसतील, पगारात निम्म्याचा फरक असेल. इथेही २००७ च्या करारात युनियनने नव्या भरतीला जवळपास निम्म्या वेतनावर घ्यायला मान्यता दिली होती. ती दरी बुजवायला २०२३ चा दीड महिन्यांचा संप लागला.

मामेभावाच्या बाजूनेही मला पूर्ण उभं राहता येत नाही. प्रकल्प गेल्याचं दुःख खरं आहे. पण ज्या वेदांत-फॉक्सकॉनवर २०२२ मध्ये एवढा गदारोळ झाला, त्यातून फॉक्सकॉन जुलै २०२३ मध्ये बाहेर पडली. तो कारखाना गुजरातेतही उभा राहिला नाही. सामंजस्य करारातल्या नोकऱ्यांवर आपण वर्षभर भांडलो. त्याच वर्षी चाकणला, बुटीबोरीला, वाळूजला किती जणांना ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं गेलं, त्यावर एक दिवसही भांडलो नाही, कारण तो आकडा आपल्यापुढे येतच नाही. इथे शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीची साठ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि राज्य ती जाहीर करतं. कायदा १९८८ चा आहे, पळवाटा भरपूर आहेत. तरी कोणत्या गावात, किती, कधी, हे कोणीही वाचू शकतो.

आपल्याला हे न मोजण्याची सवय जुनी आहे. माझे चुलत सासरे परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. सासरे संगमेश्वरला गावी गेले आणि भात लावू लागले. पुढच्या जनगणनेत त्यांची नोंद शेतकरी अशी झाली असणार. बावीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेला माणूस एका रकान्यात हरवला.

आणि म्हणून मला इथली एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आमच्या शेजारचा माणूस गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर होता, सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसला. तेव्हाच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांच्या सरकारने ऑगस्ट २००७ मध्ये ‘नो वर्कर लेफ्ट बिहाइंड’ नावाची योजना आणली होती : मागणी असलेल्या कामाचं शिक्षण घ्या, दोन वर्षांची मिळून दहा हजार डॉलरपर्यंत फी राज्य भरेल. तो कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला गेला. मुलांच्या वयाच्या पोरींबरोबर शरीरशास्त्र पाठ करायचा, संध्याकाळी अंगणात माझ्याकडून स्पेलिंगं म्हणून घ्यायचा. पुढे तो रुग्णालयात लागला. त्याचे दोन मित्र मात्र अर्ध्यात सोडून गोदामात लागले. फी राज्य भरत होतं, घराचा हप्ता कोण भरणार होतं? आपल्याकडे २०२४ पासून युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणाप्रमाणे महिना सहा ते दहा हजार रुपये मिळतात. पैशांची अडचण त्यात थोडी सुटते. पण काही महिने ग्रामपंचायतीत बसलेल्या मुलाच्या हातात शेवटी कोणतं कौशल्य येतं, आणि मुदत संपल्यावर तो कुठे गेला हे कोणी बघतं का? लाभार्थी किती, हे जाहिरातीत असतं. वर्षानंतर पगारावर किती, हा आकडा मला हवा आहे.

मिशिगनचं सगळंच घ्या असं मी म्हणत नाही. २०११ मध्ये, अजून हजारो लोक घरी बसलेले असताना, या राज्याने बेरोजगार भत्ता २६ आठवड्यांवरून २० वर आणला. मग ऑक्टोबर २०१३ मध्ये भत्त्याची प्रकरणं तपासायला मिडास नावाची संगणक प्रणाली बसवली. कामकाज जलद व्हावं, फसवणूक पकडावी, हेतू चांगला होता. दोन वर्षांत या प्रणालीने सुमारे ४०,००० लोकांना लबाड ठरवलं, घेतलेल्या पैशांवर चौपट दंड लावला, करपरतावे जप्त केले, पगारातून वसुली केली. नंतर राज्यानेच तपासलं तेव्हा माणसाने न बघता यंत्राने दिलेल्या निर्णयांपैकी ९३ टक्के चुकीचे निघाले. काहींची घरं गेली. राज्याने पुढे दोन कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे भरती, भत्ता, अनुदान, सगळं पोर्टलवर जात असताना ही हकीकत मंत्रालयात कोणीतरी वाचावी. पोर्टलने नाकारलेल्या माणसाला जाऊन बोलायला तालुक्याला एक खिडकी आणि खिडकीत एक माणूस असलाच पाहिजे.

नोकरी गेलेल्यासाठी आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नव्वद दिवसांपर्यंत निम्मं वेतन देणारी. पण ज्याचा विमा भरला तोच त्यात येतो. आणि दुष्काळात मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी तर जगाला महाराष्ट्राने दाखवली, वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाने ती मांडली. ज्या राज्याला १९७२ मध्ये खडी फोडणाऱ्या हातांची मोजदाद हजेरीपटावर ठेवता आली, त्याला आज पदवीधरांची ठेवता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही. २०२५ पासून देशाचे बेरोजगारीचे आकडे दर महिन्याला येऊ लागले आहेत, चांगलं झालं. ते जिल्ह्यापर्यंत उतरू देत. पगारी किती, बिनपगारी किती, परीक्षेच्या रांगेत किती, हे वेगवेगळं छापू देत.

हे सगळं मी काल दादाला फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मध्ये बोलला नाही. शेवटी मी विचारलं, ‘तू पोराला कशात धरतोस?’

‘सध्या कांद्याला खत टाकतोय,’ दादा म्हणाला. ‘आठला लाइट आली की अभ्यासाला बसेल.’