हिरव्या बुरशीवर फवारणी हा उपाय नव्हे

धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूम) बेडवर, म्हणजे पिंजार (भाताचा पेंढा) भरलेल्या पिशवीवर, हिरवी बुरशी दिसली की लगेच कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा, हा तुमच्या लेखातला सल्ला कृपया बदला. हे औषध पिंजार भिजवतानाच वापरायचं: १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम, सोबत १२५ मिली फॉर्मॅलिन (जंतुनाशक), भिजवायचं १६ ते १८ तास. कोंब फुटलेल्या बेडवर मारलं तर ते थेट खाणाऱ्याच्या ताटात जातं! ट्रायकोडर्मा, म्हणजे हीच हिरवी बुरशी, बेडभर पसरला असेल तर बेड न फोडता शेडपासून लांब नेऊन पुरावा. शेडमध्येच फोडला की बीजाणू उडून शेजारच्या बेडवर बसतात. मुळात पिंजार नीट निर्जंतुक झालं नाही किंवा ओलं राहिलं की ही बुरशी येते. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर बेड भरूच नयेत.

आणि जिवाणूंमुळे येणारे तपकिरी डाग लेखात का नाहीत? आमच्या राधानगरीकडे (जि. कोल्हापूर) पावसाळ्यात जास्त नुकसान त्यांनीच होतं. हवा आधीच दमट, त्यात लोक पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद ठेवतात आणि सवयीने पाणीही मारतात. अळिंबीच्या छत्रीवर पाणी साचून राहतं, मग ती चिकट, पिवळी पडते. अशा दिवसांत पाणी कमी करून हवा खेळती ठेवावी, खिडक्यांना माश्यांसाठी बारीक जाळी लावावी. डाग दिसलेच तर ३० टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर १० लिटरला ५ ग्रॅम घेऊन, वरचं निवळलेलं पाणी हलकं फवारावं.