चिकनची व्हायरल चौसूत्री: चारही नियम तपासून पाहू

पहिल्यांदाच चिकन करणाऱ्यांसाठी चार नियमांचा एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: चिकन नळाखाली खळखळून धुवा, रात्रभर लिंबात मुरवा, मोठ्या आचेवर परतून रस आत कोंडा आणि गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत शिजवत राहा. यातला एकही नियम जसाच्या तसा पाळू नये. पहिल्याने स्वयंपाकघरात जंतू पसरतात, आणि शेवटचा पाळणाऱ्यांचं चिकन बहुतेक वेळा कोरडं, चिवट होतं.

‘नळाखाली धुवा.’ कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. ते पाण्याने निघून जात नाहीत, उलट उडणाऱ्या तुषारांबरोबर सिंक, ओटा आणि शेजारी चिरून ठेवलेल्या भाजीवर जातात. त्यांना मारते ती आच. हाडाचा चुरा किंवा रक्ताची गुठळी दिसली तर ओल्या टिश्यूने पुसा, मग कोरड्या टिश्यूने तुकडे नीट टिपा. टिश्यू लगेच कचऱ्यात टाका आणि हात साबणाने 20 सेकंद धुवा. टिपण्याचा आणखी एक फायदा आहे. ओलं चिकन तव्यावर आधी वाफेत उकडतं, त्यामुळे त्याला तांबूस रंग चढत नाही.

‘रात्रभर लिंबात मुरवा, आतपर्यंत चव जाते.’ आम्ल वरच्या काही मिलिमीटरच्या पुढे फारसं जात नाही. मात्र तेवढ्या थरातली प्रथिनं ते आवळून टाकतं, म्हणून रात्रभर लिंबात राहिलेलं चिकन बाहेरून पिठूळ लागतं आणि आतून अळणी. खोलवर जातं ते मीठ. 500 ग्रॅम बोनलेस चिकनला साधारण 6 ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा चोळा आणि किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. नुसतं मीठ लावून रात्रभर ठेवलं तरी चालतं. लिंबू शेवटच्या तासात लावा किंवा शिजल्यावर वरून पिळा. दही सौम्य असतं, त्यात काही तास खुशाल मुरू द्या. कच्च्या पपईतलं पपेन मात्र प्रथिनं तोडतं; ती रात्रभर लावली तर वरचा लगदा होतो. काहीही लावलेलं असो, मुरवायचं फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

‘मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो.’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे रूढ झाली, आणि पुढे भाजलेल्या व न भाजलेल्या मांसाचं वजन करून पाहिल्यावर ती टिकली नाही. भाजलेला थर पाणी अडवत नाही. तव्यावरचा चर्र आवाज हाच मुळी बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होण्याचा आहे. तरीही भाजा, पण चवीसाठी: खरपूस वास आणि रंग त्यातूनच येतो. शेवटपर्यंत मोठी आच ठेवली तर बाहेर करपतं आणि मध्यभाग कच्चा राहतो.

‘गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा.’ सगळ्यात जास्त नुकसान हा नियम करतो, तेही दोन्ही बाजूंनी. कोवळ्या कोंबडीच्या हाडांतलं रंगद्रव्य भोवतालच्या मांसात उतरतं, त्यामुळे पूर्ण शिजलेली तंगडीही हाडाजवळ लालसर दिसू शकते. उलट ब्रेस्ट सुरक्षित तापमानाला पोहोचण्याआधीच पांढरं दिसू लागतं. आणि मसाला माखलेल्या तुकड्याचा रंग पाहणार तरी कसा? खरी खूण तापमानाची. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसा: 74 अंश सेल्सिअस दिसले की चिकन खाण्यास सुरक्षित. ब्रेस्ट तिथेच थांबवा, त्यापुढे प्रत्येक अंशाला पाणी सुटत जातं. तंगडी आणि मांडी मात्र 80 ते 85 अंशांपर्यंत न्या. त्यांतल्या चिवट कोलॅजनचं (मांसाचे धागे बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचं) मऊ जिलेटिन व्हायला जास्त उष्णता आणि वेळ लागतो. 74 अंशांना उतरवलेली मांडी सुरक्षित असते, पण रबरी लागते. स्वयंपाकघरात एकच नवी वस्तू घ्यायची असेल तर ती थर्मामीटर घ्या.

दुसरी अडचण जाडीची. अख्खं ब्रेस्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असतं, म्हणून एक टोक वाळतं तेव्हा दुसरं कच्चं असतं. सुरी आडवी धरून त्याचे दोन पातळ भाग करा, जाडी सुमारे दीड सेंटिमीटर. जाड बुडाचा तवा मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, एक मोठा चमचा तेल घाला, आणि तुकडे एकमेकांना न खेटता ठेवा. दाटी झाली की पाणी साचून ते उकडतात. 4 मिनिटं हलवू नका. तुकडा तव्याला धरून बसला असेल तर ओढू नका, नीट भाजला की बहुधा आपसूक सुटतो. उलटा, आच मध्यम करा, आणखी 3-4 मिनिटं द्या आणि तापमान बघा. उतरवल्यावर 5 मिनिटं तसंच राहू द्या, मग धाग्यांच्या आडवं कापा.

रश्श्यात करायचं असेल तर ब्रेस्टचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे मंद उकळत्या रश्श्यात शेवटी टाका, 8-10 मिनिटं पुरतात. हाडासकट मांडीला तिथेच 30-35 मिनिटं लागतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी पातेल्यात घालू नका.